विचारल्याशिवाय सांगायचं नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी बँकेनं फुकट दिली. जानेवारी कोरा गेला, पण फुकटच्या कागदाला नावं ठेवू नयेत. जमाखर्चाची वही वेगळी आहे. तिच्यात मांडता येत नाही ते इथं लिहीन म्हणते.

आज वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाई आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी त्यांचा पाय तिथून निघत नाही. दवाखान्याला जोडून डॉक्टर घडवायचं कॉलेज आहे, तिथं आता काहीबाही करतात. चहा पिता पिता म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला खोटं बोलता येतं का?"

म्हटलं, "नाही."

"शिकवू. छातीत दुखतंय म्हणून सांगायचं, बाकी काही नाही."

मग उलगडा झाला. पूर्वी शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा खऱ्या रोग्यांवर व्हायची. एकाच म्हाताऱ्याचं पोट दिवसभर सगळा वर्ग दाबायचा. ज्याच्या वाट्याला सोपा रोगी आला तो पास, अवघड आला तो बसला रडत. आता देशभर एकच पद्धत आणलीय. धडधाकट माणसांना आजार पाठ करून खोलीत बसवायचं. प्रत्येक शिकाऊ डॉक्टर येऊन त्याच माणसाला त्याच दुखण्याबद्दल विचारणार, आणि घंटा वाजली की पुढच्या खोलीत जाणार. गुण देणार कोपऱ्यात बसलेले परीक्षक, आणि थोडे आम्ही. म्हणजे मॅट्रिक झालेली मी डॉक्टरांना गुण देणार. बाबा असते तर पेढ्यांना पैसे काढले असते.

पण खोटं बोलायचं, हे काही मनाला पटेना. संध्याकाळी दिवा लावताना देवाला विचारलं. देव काही बोलला नाही, हेच मध्ये बोलले. "पाहुण्यांना 'जेवूनच जा' म्हणतेस, आणि डब्यात पीठ नसतं. ते काय असतं?"

"ते अगत्य."

"मग हेही अगत्यच समज."

मानधन मिळेल ते डोंगरावरच्या देवासाठी ठेवलेल्या डब्यात टाकायचं ठरवलं. तिथली यात्रा लग्न झाल्यापासून राहिलीय. कधी लेकीची परीक्षा, कधी ह्यांच्या डेपोतला संप, कधी सासूबाईंचं दुखणं. यंदा एप्रिलमध्ये जायचं म्हणजे जायचं. पायी चढायचं. डोलीत बसून देवाकडे जाण्यात पैसे जातात आणि पुण्यही अर्धंच मिळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शिकवणी. तळघरातली खोली, एक खाट, खाटेवर कागदाची चादर. बसलं की वाळक्या पानांवर बसल्यासारखं वाजतं. ही चादर प्रत्येक माणसामागे फाडून टाकतात. मी म्हटलं, उलटून वापरली तर? शिकवणाऱ्या मॅडम स्वतः डॉक्टर आहेत, त्या म्हणाल्या, "काकू, ही बचत आपण नको करूया."

माझ्याबरोबर एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांना मूळव्याध दिलीय. बिचारे लाजून लाल झाले. म्हणाले, "अदलाबदल नाही का करता येणार? मला छाती द्या." मी नाही दिली.

माझा कागद असा: गृहिणी, जिना चढताना छातीत दुखतं, थांबलं की राहतं, महिनाभर अंगावर काढलंय. हृदयाचं दुखणं, पण हे मला माहीत नाही असं मी वागायचं.

नियम सांगितले. पहिला, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. डॉक्टरला विचारता आलं पाहिजे, तीच तर परीक्षा. मी म्हटलं, यात काय अवघड, आमच्या घरातलं माणूस छत्तीस वर्षं हेच करतं. सगळे हसले.

दुसरा नियम मला फार आवडला. कागदात नाही असं काही विचारलं, तर आपल्या आयुष्यातलं खरं ते सांगायचं. म्हणजे देवालाही तोंड दाखवायला जागा राहिली.

शेवटी आम्ही गुणांचा कागद भरायचा. नीट बोलला का, ऐकलं का, जाताना थोडक्यात सांगितलं का, असे प्रश्न. सगळ्यात खाली एक: या डॉक्टरकडे तुम्ही तुमच्या घरच्या माणसाला न्याल का?

एक डॉक्टर तयार करायला सरकारचा किती खर्च होतो तेही मॅडमनी सांगितलं. ऐकून मला ठसकाच लागला. आपल्याच करातून ना. मग एकही वाया जाता कामा नये.

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्यासमोर तालीम केली. हे पेपर वाचत होते. मी छाती मुठीत धरली, "आई गं" म्हटलं, खुर्चीत कोसळले.

ह्यांनी पेपर खाली केला. "कोण मेलं?"

"दुखतंय मला. जिना चढल्यावर."

"असं नसतं दुखत."

मग उठून त्यांनी दाखवलं. अगदी पटण्यासारखं. म्हणाले, "मूठ नाही वळत माणूस. तळहात पसरून ठेवतो, असा, जड काहीतरी ठेवल्यासारखं होतं तिथं. ओरडायचं तर नाहीच. आधी बोलणं बंद होतं. माणूस थांबतो. आणि आपण थांबलो हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दुसरीकडे कुठंतरी बघायला लागतो." हे म्हणताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं पाहिलं की मीही वळून पाहिलं, कुठली तारीख आहे म्हणून. "आणि डाव्या हाताला करंगळीपर्यंत मुंग्या. जबड्यालाही कधी कधी. दात दुखतोय की काय असं वाटतं."

ह्यांच्यात एवढा नट दडलाय हे आज कळलं. जन्म गेला डेपोत बस किती वाजता सुटली ते लिहिण्यात. म्हटलं, "नाटकात का नाही गेलात?" म्हणाले, "तिथं उशिरा सुरू होतं सगळं."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला सराव. मुलंमुली शेवटच्या वर्षाची. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी आपली ठेवली.

घोडदौड नावाचा मुलगा: "कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, घाम येतो, चक्कर येते, सिगारेट ओढता?" मी पहिल्याचं उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर हा पाचव्यावर. म्हटलं, "बाबा, सिगारेट नाही, बाकीचं आठवून सांगते."

मधाळ नावाची मुलगी: माझा हात हातात घेऊन "आई, अगदी काळजी करू नका हं" असं इतकं म्हणाली की मला खरंच काळजी वाटायला लागली.

सगळेजण जाताना विचारतात, "आणखी काही सांगायचंय का?" हा प्रश्न विचारला की गुण असतो. पण विचारताना बघतात घड्याळाकडे. असं विचारल्यावर कोण सांगणार? दाराशी उभ्या पाहुण्याला "चहा टाकू का" म्हणण्यासारखं.

शेवटी आली ती पुटपुटी. प्रश्न आधी स्वतःशी पुटपुटते, मग मोठ्यानं विचारते. एक विचारला की बघतच राहते. "दुखतं तेव्हा तुम्ही काय करत असता?" म्हणाली आणि गप्प. मला वाटलं विसरली पुढचं. पण ती वाट बघत होती. मी जिन्याचं सांगितलं, तर म्हणाली, "कुठल्या पायरीशी?" घंटा वाजली तेव्हा तिचे निम्मे प्रश्न राहिले होते. गुण कुठून देणार?

मॅडम माझ्या दुखण्यावर मात्र खूश. "काकू, कुठं शिकलात?" म्हटलं, घरी.

२३ फेब्रुवारी, रविवार

यात्रेसाठी पायांना सवय हवी, म्हणून रोज संध्याकाळी तळापासून गच्चीपर्यंत चढायचं असं मी जाहीर केलं. मी दोनदा वर जाऊन आले तरी हे दुसऱ्या मजल्यावरच. तिथं सोसायटीचा नोटीस बोर्ड आहे. त्यावर टाकी धुणार असल्याचा दोन वर्षांपूर्वीचा कागद आहे. तो हे वाचत होते. रोज वाचतात. निवृत्त झाल्यापासून ह्यांना सार्वजनिक कामांची फार गोडी लागली.

बाजारातही तसंच. पूर्वी हे पुढे आणि मी मागे धावत. आता हे दर चार दुकानांनी उभे. परवा बायकांच्या चपलांच्या दुकानासमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, मला घेतायत. म्हटलं, "अहो, आहेत मला." म्हणाले, "बरं."

पित्ताच्या गोळ्या मात्र या महिन्यात जास्त झाल्या. मसाला कमी करायला हवा.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. गाडीची तिकिटं तिनं काढली, वीस एप्रिलला पायथ्याशी. "आई, बाबांसाठी डोली सांगू का? हल्ली तिथं सोय असते."

म्हटलं, "तुझे बाबा काय म्हातारे झालेत?"

हे आतून म्हणाले, "मी वर येत नाही. तू जा. मी पायथ्याशी चपला सांभाळतो."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तिथं मी एकटीनं जायचं आणि ह्यांनी चपला राखायच्या? लग्नात सोबतीचा शब्द दिला तो काय फक्त सपाटीपुरता? असं बोलले मी. जरा जास्तच बोलले. जेवताना दोन्ही बाजूंनी फक्त मीठ मागितलं गेलं.

९ मार्च, रविवार

दुसरा सराव. पुटपुटीचं पुन्हा तेच. मॅडम तिला म्हणाल्या, "तू बघत काय बसतेस? हे चित्रांचं प्रदर्शन आहे का?"

नंतर ती बाहेर नळाशी तोंड धूत होती. आम्ही विद्यार्थ्यांशी बोलायचं नसतं, पण नळाशी कोण परीक्षक असतो. केळं दिलं. खाता खाता तिनं सांगितलं, की या एका खोलीत ती खऱ्या परीक्षेत दोनदा नापास झालीय. तिसऱ्यांदा झाली तर वर्षभर बसावं लागेल. सरकारनं शिकवलंय, तेव्हा पास झाल्यावर सगळ्यांना आधी लहान लहान आरोग्य केंद्रांवर जायचं असतं. तिच्या बरोबरीचे कधीच गेले.

"मला येतं सगळं, काकू. पण माणूस समोर बसलं की त्याच्याकडे बघत राहते. वॉर्डात ठीक असतं, तिथं घंटा नसते. सुट्टीच्या दिवशी मी तिथंच जाऊन बसते."

म्हटलं, "पोरी, स्वयंपाक कसा करतात? दूध तापतंय तोवर कणीक मळायची. दुधाकडे बघत बसलं तर घर उपाशी राहतं."

म्हणाली, "आणि नाही बघितलं तर उतू जातं."

दुसरं केळं दिलं.

१६ मार्च, रविवार

देव पावला. हे वर यायला तयार झाले. आपणहून म्हणाले, "चल, येतो. होईल ते होईल." मी इतकी खूश झाले की मीठ मागायच्या आधीच दिलं.

आणि माणूस बदलतो तर किती. दुपारी मला बसवून विम्याचे कागद कुठं आहेत, पेन्शनचं कुणाला भेटायचं, गॅसचा नंबर कसा लावायचा, सगळं दाखवलं. म्हटलं, "चार दिवसांची तर यात्रा. घर काय पळून जातंय?" म्हणाले, "नीट लावलेलं बरं असतं." अगदी माझ्यासारखं बोलले. छत्तीस वर्षांनी का होईना, टापटिपीचं वळण लागलं.

२७ मार्च, गुरुवार

उद्या परीक्षा. कागद पाठ आहे. धुतलेली साडी काढून ठेवली, इस्त्री नको, आजारी दिसायचंय. पुटपुटीसाठी देवाला दोन शब्द सांगितले. वशिला नव्हे, नुसती आठवण.

२८ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर हात थांबेल.

सकाळपासून एकामागून एक येत होते. घोडदौड आता दुडक्या चालीवर आलाय. मधाळनं एकदाच काळजी करू नका म्हटलं. मग पुटपुटी आली. नमस्कार, नाव, खुर्ची पुढे ओढणं, सगळं झालं. कधीपासून, किती वेळ, कशानं थांबतं, हेही रांगेनं विचारलं. कोपऱ्यातले परीक्षक खुणा करत होते. मी मनात म्हटलं, अशीच जा पोरी, दुधाकडे बघू नकोस.

"दुखतं तेव्हा कसं होतं, दाखवाल?"

मी दाखवलं. ह्यांनी शिकवलं तसं. तळहात पसरून, बोलणं बंद, नजर भिंतीकडे.

ती थांबली. पेन खाली ठेवलं. म्हटलं, गेलं वर्ष.

"काकू, हे मॅडमनी शिकवलं?"

हे कागदात नव्हतं. म्हणजे खरं सांगायचं. "नाही. आमच्या ह्यांनी."

"बाकीचे सगळे छाती मुठीत धरतात आणि डॉक्टरकडे बघतात. दुखणारं माणूस असं दुसरीकडे बघतं ते मी फक्त वॉर्डात पाहिलंय. काकांनी कुठं पाहिलं?"

"कुठं म्हणजे? ते बसडेपोत होते."

"जिना चढताना थांबतात का ते?"

"थांबत नाहीत. नोटीस बोर्ड वाचतात."

"रोज?"

"रोज."

"काय लिहिलंय त्यावर?"

"टाकी धुणार म्हणून. दोन वर्षांपूर्वीचं आहे."

बोलले, आणि माझे शब्द मलाच ऐकू आले. घरात शिजत असलेल्याचा वास बाहेरून आल्यावर लागतो, तसं झालं. चपलांचं दुकान. गोळ्या. विम्याचे कागद. "होईल ते होईल."

परीक्षक खाकरले. "डॉक्टर, तुमचा रोगी समोर आहे. वेळ जातोय."

पुटपुटीनं त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, त्यांना आजच आणा. उद्या नको. जिना सावकाश उतरवा." घंटा वाजली.

गुणांचा कागद पुढ्यात आला. देवाशप्पथ, मला सगळीकडे हो लिहावंसं वाटलं. पण थोडक्यात सांगितलं का? नाही सांगितलं. औषधांचं विचारलं का? नाही. वेळेत निरोप घेतला का? नाही. जे झालं नाही ते झालं कसं लिहू? मी 'नाही, नाही' लिहीत गेले आणि डोळ्यांना धारा. शेवटचा प्रश्न आला. या डॉक्टरकडे तुम्ही तुमच्या घरच्या माणसाला न्याल का?

हो लिहिलं. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं. आणि एकदा लिहिलं म्हणजे ते खरं करायला हवं.

तिच्यानंतरच्या मुलांना मी काय सांगितलं ते देव जाणे. बहुतेक पोस्टमनकाकांचा आजार सांगितला.

दुपारी घरी आले तर हे खिडकीशी पेपर वाचत होते. मी समोर स्टूल घेऊन बसले.

"नमस्कार. कुठं दुखतं?"

"परीक्षा संपली ना तुझी?"

"कुठं दुखतं?"

"कुठंही दुखत नाही."

"बरं. मग कुठं दुखत नाही ते दाखवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात आपोआप उठला. तळहात पसरून, बरोबर तिथंच.

"कधीपासून?"

"थंडी पडायला लागली तेव्हापासून."

"कशानं थांबतं?"

"थांबलं की थांबतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

असा राग आला. पण नियमच आहे तो, आणि मीच सगळ्यांना हसवून सांगितला होता. सगळे प्रश्न झाले. मग शेवटचा राहिला. आमचं घड्याळ माझ्या पाठीमागे आहे, आणि मी वळले नाही.

"आणखी काही सांगायचंय?"

खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवली, ती थांबलीही. मी बघत बसले. दूध उतू जाऊ दे की राहू दे.

मग म्हणाले, "तू किती वर्षं त्या डोंगराचं नाव घेतेस. दर वेळी माझ्याकडचं काहीतरी निघालं. म्हटलं, एकदा तुला वर नेऊन सोडावं. पुढे काय व्हायचं ते देवाच्या दारात होऊ दे."

"देवाच्या दारात मला एकटीला टाकून जाणार होता? आणि खाली येताना चपला कुणी शोधायच्या?"

हे हसले. मग मी रडले. मग आम्ही जिना उतरलो, सावकाश, आणि बोर्डापाशी मीच म्हटलं, "थांबा. वाचा."

दवाखान्यात वॉर्डाच्या दारातल्या बाकावर पुटपुटी बसली होती. परीक्षा देऊन सरळ इथंच आली होती, जेवलीही नव्हती. ती उठली, ह्यांच्यापुढे स्टूल ओढलं आणि पुटपुटत सुरुवात केली. इथं घंटा नव्हती. तिचा एकही प्रश्न विचारायचा राहिला नाही. मग मोठे डॉक्टर आले. तिनं लिहिलेलं वाचलं आणि तिला काही न विचारता ह्यांना आत घ्यायला सांगितलं.

१ एप्रिल, मंगळवार

एक नळी जवळजवळ बंद होती. हाताच्या नसेतून तार घालून उघडली, आत बारीकशी जाळी बसवली. मोठे डॉक्टर म्हणाले, "डोंगर चढायला निघाला होतात?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नवरा बरा झाल्याची पहिली खूण.

सगळं सरकारी, पैसे पडले नाहीत. ते ऐकून मला खाटेवरच्या कागदी चादरींचाही राग येईनासा झाला.

६ एप्रिल, रविवार

ह्यांना उद्या सोडणार. वॉर्डात शिकणाऱ्या मुलांचा घोळका येतो, आणि हे गादीवर बसून दरबार भरवतात. "मूठ नाही, तळहात. हां. आता तिकडे बघा. अहो, माझ्याकडे नाही." घोडदौडला तर तीनदा करायला लावलं. मी म्हटलं, "अहो, विचारल्याशिवाय सांगायचं नाही." म्हणाले, "तो नियम खोट्या रोग्यांना."

मॅडम येऊन गेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, तिला इतके 'नाही' लिहिलेत?"

"केलं नाही तिथं नाही लिहिलं. मला खोटं येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ठीकच केलंत." मग म्हणाल्या, "खालचा एक प्रश्न असतो ना, घरच्या माणसाला न्याल का, त्याला सगळ्यात जास्त गुण असतात. तुम्हा लोकांना आम्ही सांगत नाही, नाहीतर दयेपोटी सगळ्यांना हो लिहाल."

"मग?"

"मग काय. काठावर."

काठ तर काठ. मीही मॅट्रिक काठावरच झाले होते.

मॅडम निघताना पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "तिला आता आरोग्य केंद्रावर पाठवतील. तिच्या दारात रांग मोठी लागणार आहे, काकू. लोक वैतागतील."

म्हटलं, "वैतागू देत. बसायला बाक द्या."

२० एप्रिल, रविवार

आज आम्ही डोंगराच्या पायथ्याशी असायला हवं होतं. तिकिटांचे पैसे थोडे कापून परत आले. देवाला सकाळी सांगितलं, की तुझ्याकडे यायला निघाले होते, वाटेत तूच अडवलंस, तेव्हा रुसू नकोस. पुढच्या वर्षी येऊ. ह्यांच्यासाठी डोली करू. पुण्य अर्धं तर अर्धं, अर्ध्यात भागवायची मला सवय आहे.

देवाचा डबा तसाच ठेवलाय. त्यातलं थोडं काढून पुटपुटीसाठी एक घड्याळ आणायचं मनात होतं, पण हे म्हणाले, "वेडी का तू, तिला घड्याळ?" मग चांगलंसं स्टूल घ्यायचं ठरलं. केंद्रावरची स्टुलं डगमगतात म्हणे.

संध्याकाळी फिरून आलो. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, हळूहळू. दुसऱ्या मजल्यावर हे उभे राहिले. मी ह्यांचा दंड धरला.

"दुखतंय?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

"वाचतोय गं, खरंच. नवा कागद लावलाय."

मी चष्मा नीट करून पाहिलं. टाकी धुणार आहेत. गुरुवारी दिवसभर पाणी नाही.

"दोन वर्षांनी," हे म्हणाले.

"बुधवारीच बादल्या भरून ठेवायला हव्यात."

"ठेवू."

"तुम्ही उचलायच्या नाहीत."

"नाही उचलत."

पुढच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आणखी काही सांगायचंय?"

हे थांबले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "भूक लागलीय."